स्थळ मानपाड्याचं

"मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस. स्वभावानं शांत. खाण्यापिण्याचे नखरे नाहीत. दहीभात घाला, पोळीचा कुस्करा घाला, ताटली चाटून लख्ख करून ठेवते."

लिफ्टमध्ये काकू फोनवर बोलत होत्या. मी शेजारी उभा राहून, ऐकत नसल्यासारखं दाखवत, ऐकत होतो. तिसऱ्या मजल्यापर्यंत मला वाटलं, कुणाच्या तरी भाचीचं जमतंय. चांगली गोष्ट आहे. पाचव्या मजल्यावर काकू म्हणाल्या, "वय? येत्या मंगळवारी अडीच महिने पूर्ण होतील." मी दचकलो. सातव्या मजल्यावर, "हो, जंताचं औषध दोनदा झालंय. आणि हे बघा, देण्याघेण्याची काही अट नाही. खिडक्यांना जाळी मात्र लागेल," असं म्हणून त्या उतरून गेल्या. मागे लिफ्टमध्ये फिनेल आणि उदबत्ती असा दुहेरी वास तेवढा राहिला.

प्रत्येक गृहसंकुलात अशी एक तरी व्यक्ती असतेच. कुठे ती निवृत्त बँक अधिकारी असते, कुठे आयटीतली पोरगी, कुठे रात्रपाळीचा वॉचमन. संध्याकाळी एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली आणि मागे सात-आठ शेपट्यांची वरात. आमच्याकडे काकू आहेत. त्यांना आडनाव आहे, मेंटेनन्सच्या बिलावर ते दर महिन्याला छापूनही येतं. पण वॉचमनपासून अध्यक्षांपर्यंत सगळे त्यांना 'कुत्र्यांच्या काकू' म्हणतात. त्यांची त्याला हरकत नाही. "नुसतं काकू म्हटलं तर कुणाच्या ते कळायला नको?" असं त्यांचं म्हणणं.

आमचं संकुल ठाण्याच्या मानपाड्यात. पुढे घोडबंदर रोड आणि त्यावर मेट्रोचे खांब, मागे येऊरचा डोंगर. खांबांखाली कुत्री, डोंगरात बिबटे आणि मधल्या पट्ट्यात आम्ही, पार्किंगवरून भांडणारे. मी सोसायटीचा सेक्रेटरी. माझ्याकडे दोनच प्रकारची पत्रं येतात: पाणी कमी येतं अशी आणि कुत्री जास्त येतात अशी.

काकू मूळच्या कुत्र्यांच्या नव्हेत. नौपाड्यातल्या एका वधूवर सूचक मंडळात त्यांनी वीसेक वर्षं रजिस्टर सांभाळलं. किती लग्नं जमवली ते त्या सांगत नाहीत. मोजलं की दृष्ट लागते म्हणे. पुढे मुलंमुली मोबाईलवर परस्पर जमवायला लागली, आईबाप नुसते तारीख विचारायला उरले, आणि काकूंच्या रजिस्टरची पानं कोरी राहू लागली. त्याच सुमारास आमच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये एक कुत्री व्याली. सहा पिल्लं. काकूंनी त्याच रजिस्टरचं पुढचं पान उघडलं.

ते रजिस्टर मी पाहिलं आहे. रकाने जुनेच छापलेले, फक्त मजकूर बदललेला. 'शिक्षण' या रकान्यात 'शी-शू बाहेर करते'. 'नोकरी'त 'राखण, रात्रपाळी'. 'मंगळ आहे का?' यात पूर्वी कुणाला चावल्याची नोंद. 'गोत्र' या रकान्यात 'मानपाडा सिग्नल, सर्व्हिस रोडची बाजू'. 'पत्रिका' म्हणजे लशींचं पुस्तक. तिथे ग्रह-नक्षत्रांऐवजी रेबीज, डिस्टेंपर आणि पार्वो बसलेले. 'अपेक्षा' हा रकाना मात्र काकूंनी स्वतः भरलेला असतो आणि तो सगळ्यांच्या नावापुढे एकच आहे: 'परत पाठवू नये'.

नावंही त्याच ठेवतात. टिकुजिनी वाडीच्या गेटबाहेर सापडला तो टिकू. अंगावर यायचा पण कुणालाच मनापासून चावला नाही, नुसताच तिखट, तो मामलेदार. ठाणेकरांना मामलेदारची मिसळ सांगायला नको. आणि मेट्रोच्या खांबाखाली खडीच्या ढिगावर सापडलेली काळी, एक कान उभा आणि एक मुडपलेला, ती मेट्रो. "कारण," काकू म्हणाल्या, "ही कधी कुणाच्या घरी पोचणार, ते कुणालाच सांगता येत नाही."

काकूंचं कॅलेंडर आपल्यापेक्षा वेगळं चालतं. भाद्रपदात आपण गणपतीच्या गडबडीत असतो, तेव्हा रस्त्यावर दुसरीच गडबड चाललेली असते. त्रेसष्ट दिवस मोजायचे. कार्तिकात पिल्लं होतात. काकू म्हणतात, आठ आठवडे तरी पिल्लाला आईपासून तोडू नये; तोवर ते चावायचं किती आणि थांबायचं कुठे हे भावंडांकडून शिकतं. म्हणजे आले पौष-माघ. तुळशीच्या लग्नानंतर माणसांचे मुहूर्त निघतात आणि मंगल कार्यालयं भरतात, त्याच्या पाठोपाठ काकूंचा हंगाम येतो. दिवाळीत वेगळं काम असतं. फटाक्यांना घाबरून पट्ट्यासकट पळालेली पाळीव कुत्री शोधायची. माहेरी पळून आलेल्या मुलींची समजूत घालून त्यांना परत पोचवायचा जुना अनुभव तिथे कामी येतो.

स्वयंपाकाचं तर विचारूच नका. काकू स्वतः चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत. पण संकुलाच्या समोरच्या चिकनवाल्याकडे महिन्याचं खातं आहे. रोज संध्याकाळी कोंबड्यांच्या माना आणि पाय, दोन किलो. त्यात कणीचा तांदूळ, हळद, दोन गाजरं, मीठ नाही. हाडांचं पार लोणी होईपर्यंत शिट्ट्या काढायच्या, कारण शिजलेलं कडक हाड मोडलं की त्याची टोकं घशात रुततात. हा कुकर ड्राय बाल्कनीत, वेगळ्या शेगडीवर. त्याला हात लावला की आंघोळ. श्रावणात सगळा मानपाडा शाकाहारी होतो तेव्हा त्या दुकानात एकच गिऱ्हाईक उभं असतं: नऊवारी नेसलेलं, कपाळाला गंध लावलेलं, आणि "माना आहेत का रे ताज्या?" असं विचारणारं. एकदा मंगळागौरीला बोलावणं करायला निघालेल्या बायकांनी त्यांना तिथे पाहिलं. काकू जराही बावरल्या नाहीत. "माझा उपास आहे," म्हणाल्या, "त्यांचा नाही."

आता मुख्य कार्यक्रम, म्हणजे पाहण्याचा.

रविवारी सकाळी दहा ते बारा, क्लब हाऊसच्या व्हरांड्यात. सतरंजी अंथरलेली. पिल्लांना गरम पाण्यानं पुसून, गोचिड्या काढून, गळ्यात जुन्या साडीच्या काठाची पट्टी बांधून बसवलेलं. 'पाहायला' आलेली मंडळी एका बाजूला. चहापोहे पाहुण्यांना नाहीत. काकूंचा तो जुना राग आहे. "पोहे खाऊन नकार देणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. इथे आधी निर्णय, मग पोहे."

आणि मग जे बोलणं कानावर येतं, ते ऐकून आपण नेमक्या कुठल्या कार्यक्रमाला आलो आहोत ते कळेनासं होतं.

"मुलगा नाही का? आम्हाला मुलगाच हवा होता."

येणारा जो तो हेच विचारतो. मुलींच्या शिक्षणावर भाषणं देणारे एक प्राध्यापकही हेच विचारून गेले. कारण विचारलं की सगळे एकाच सुरात सांगतात, उद्या पिल्लं झाली तर निस्तरायचं कुणी? काकू म्हणतात, "ऑपरेशनचं माझ्याकडे लागलं. सहा महिने झाले की तारीख मी घेऊन देते." तरी ते नर पिल्लाकडेच पाहत राहतात.

"जरा उजळ नाही का यांच्यात?"

काळं पिल्लू शेवटपर्यंत राहतं. पांढरं सकाळी सव्वादहाला जातं, तपकिरी अकरापर्यंत, ठिपक्याठिपक्यांचं साडेअकराला. काळं बारा वाजता परत टोपलीत जातं. फोटोत नीट येत नाही, असंही एका मुलीनं कारण दिलं. काकूंनी तिच्या हातातला मोबाईल घेऊन, पिल्लाला उन्हाकडे तोंड करून बसवून, स्वतः फोटो काढून दाखवला. फोटो उत्तम आला. मुलगी फोटो घेऊन गेली.

"जात कोणती?"

हा प्रश्न आला की काकूंचा चष्मा नाकावर खाली घसरतो. "लॅब्रॅडॉर आहे का यात थोडा?" असं एका गृहस्थानं आशेनं विचारलं. "आहे ना. आजोळकडून," काकू म्हणाल्या. मुळात आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्याला इथलं ऊन, पाऊस, घाम, सगळं पचलेलं. केस आखूड, अंगात काटकपणा, पार्लरचा खर्च नाही. तरी मे महिन्याच्या उकाड्यात बर्फातला हस्की आणून त्याला एसीत निजवणारं घर आमच्याच सी विंगमध्ये आहे. त्याचं विजेचं बिल पाहून काकू म्हणाल्या, "परदेशी जावई केला की येणंजाणं महाग पडायचंच."

सगळ्यात गाजलेलं स्थळ साडेसातीचं. एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "काळीच द्या." व्हरांड्यात शांतता पसरली. इतक्या वर्षांत हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. काकूंच्या डोळ्यांत पाणी यायच्या बेतात होतं. पण वधूवर मंडळातली सवय, त्यांनी एक प्रश्न जास्त विचारला. तेव्हा कळलं की गृहस्थांना ज्योतिष्यानं सांगितलं होतं: घरात काळं कुत्रं ठेवा, शनी शांत होईल.

"आणि साडेसाती संपल्यावर?"

"तेव्हा बघू की."

"तुमची साडेसाती साडेसात वर्षांची," काकू म्हणाल्या, "तिचं आयुष्य बारा-तेरा वर्षांचं. वरच्या पाच वर्षांचं काय?" गृहस्थ गेले. तेव्हापासून दर शनिवारी तेल लावलेली पोळी घेऊन गेटवर यायचे आणि मेट्रोला घालायचे. तसे आणखी चार-पाच जण यायचे. आठवड्याचे सहा दिवस जिला कुणी विचारायचं नाही, ती शनिवारी संध्याकाळी आठपर्यंत सहा पोळ्या खाऊन आडवी असायची, आणि रविवारी काकू तिला ताक पाजायच्या.

मला या सगळ्याची गंमत वाटायची, पण पदाचा मान राखून मी विरोधी पक्षात होतो. वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय क्रमांक सात: 'भटक्या श्वानांचा बंदोबस्त'. एक सभासद उठले आणि म्हणाले, सरळ मारून टाकायला हवीत. काकू उठल्या, पदर खोचला. म्हणाल्या, "तो प्रयोग कंपनी सरकारनं करून पाहिलाय. १८३२ साली. मुंबईत पोलिसांना कुत्री मारायचं बक्षीस मिळायचं. जूनमध्ये त्यांनी फोर्टात पारशी लोकांच्या सणाच्या दिवशी कुत्री मारायला घेतली. पारशांना कुत्रा पवित्र. पोलिसांना मार पडला, दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, कुलाब्याच्या छावणीला जाणारी रसद अडवली. दंगल झाली हो, कुत्र्यांवरून! मग दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि मंडळींनी भुलेश्वरला पांजरपोळ काढला. पुढे १८८३ मध्ये परळला बाई साकरबाईंच्या नावानं जनावरांचं इस्पितळ आलं, ते आजही चालू आहे. कुत्रीही आहेत. कंपनी सरकार मात्र गेलं."

सभासद खाली बसले. दुसरे उठले. "कुत्री असली की त्यांच्या वासानं बिबट्या येतो." हे आमच्याकडे नुसतं घाबरवणं नाही, २०१९ च्या फेब्रुवारीत ठाण्याच्या कोरम मॉलमध्ये बिबट्या येऊन गेला होता. काकूंनी त्याचीही तयारी केलेली. "२०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी अंदाज मांडलाय. राष्ट्रीय उद्यानाच्या आसपासचे बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार भटकी कुत्री खातात. त्यामुळे माणसांना होणारे कुत्र्यांचे चावेही कमी होत असतील असं ते म्हणतात. म्हणजे डोंगरातला माणूस... आपलं, बिबट्या, कामाला लागलाय. आपल्या समितीचं काय?"

हशा पिकला. माझ्यावर.

मग तिसरा, शहाणा प्रश्न आला. "मारू नका, पण दूर नेऊन सोडा." त्यावर काकू शिकवणीच्या सुरात आल्या. कुत्रा आपली हद्द धरून राहतो. इथली उचलली की जागा मोकळी होते, चार दिवसांत शेजारची येतात. त्यांची नसबंदी झालेली नसते, लस नसते, ओळख नसते. म्हणून २००१ च्या नियमांपासून पद्धत ठरली आहे: पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस टोचा, कानाला खाच पाडा आणि जिथून उचललं तिथेच आणून सोडा. २०२३ च्या नव्या नियमांनी तर खायला घालायची जागा आणि वेळ ठरवण्यात सोसायट्यांनाही गुंतवलं. "कानाची खाच म्हणजे दागिना समजा," काकू म्हणाल्या. "मंगळसूत्र दिसलं की आपण ओळखतो ना, हिचं झालंय म्हणून? तसंच. फक्त अर्थ उलटा."

माझी बाजू एकदाच वर आली, २०२५ च्या ऑगस्टमध्ये. ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवारागृहांत ठेवायचा आदेश दिला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. मी नोटीसही टाइप करून ठेवली. काकू अकरा दिवस ग्रुपवर काही बोलल्या नाहीत. २२ तारखेला न्यायालयानं आदेश बदलला: नसबंदी आणि लस झालेली कुत्री पुन्हा त्यांच्या भागात सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक तेवढी सोडू नका, खायला ठरलेल्या जागीच घाला, ज्यांना दत्तक घ्यायचं असेल त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, आणि दत्तक गेलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. काकूंनी तेवढं शेवटचं वाक्य ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, "अपेक्षा. माझ्या रजिस्टरमध्ये पहिल्यापासून आहे."

पण त्या वाक्याची किंमत काकूंनाच जास्त ठाऊक होती, कारण मेट्रो एकदा परत आली होती.

एका तरुण जोडप्यानं तिला नेलं होतं. दोघंही घरून काम करायची. आठ महिने सुखाचा संसार. मग कंपन्यांनी ऑफिसला बोलावलं, आणि एका संध्याकाळी ती दोघं मेट्रोला, तिच्या दोन वाट्या आणि उरलेलं खाणं घेऊन काकूंच्या दारात उभी राहिली. काकू त्यांना काही बोलल्या नाहीत. रजिस्टरमध्ये लाल शाईनं एक ओळ लिहिली. पुढचे कितीतरी दिवस मेट्रो आमच्या तळमजल्यावर लिफ्टकडे तोंड करून बसायची. लिफ्ट टिंग करून उघडली की तिचा उभा कान आणखी उभा व्हायचा, मुडपलेला अर्धा वर यायचा. आतून दूधवाला निघायचा, नाहीतर मी. मग दोन्ही कान पुन्हा जागेवर.

त्या दिवसांत एकदा मी काकूंना म्हणालो, "निवाऱ्यात ठेवा ना. तिथे बरी राहील." काकू म्हणाल्या, "पुढच्या रविवारी गाडी काढा."

तो माझा पहिला रविवार. डिकीत सोसायटीची रद्दी, फाटक्या चादरी, गोणपाटं, तांदळाचं पोतं. शेल्टरवाल्यांना यातलं काय लागत नाही म्हणून विचारावं. रद्दीला तर सोन्याचा भाव, कारण पिंजऱ्यात दिवसातून तीनदा कागद बदलावा लागतो. आमच्यापासून जवळच, ब्रह्मांडच्या बाजूला ठाणे एसपीसीएचं शेल्टर आहे. काकूंची फेरी तिथपासून सुरू होते आणि कुठे कुठे जाते. जाताना त्या समजावत होत्या: शेल्टर म्हणजे वृद्धाश्रमही नव्हे आणि गोदामही नव्हे. तो दवाखाना. गाडीखाली आलेलं, कमरेत मोडलेलं, कातडी सडलेलं जनावर तिथे बरं व्हायला येतं. धडधाकट कुत्रं तिथे सोडलं की आजाऱ्याची खाट अडते, आणि धडधाकटाला आजार लागतो तो वेगळाच. "बाळंतीण घरी नको म्हणून कुणी इस्पितळात वर्षभर ठेवतं का?"

दुसऱ्या रविवारी आम्ही स्थळ पाहायला गेलो. फोनवर मुलाकडचे म्हणाले होते, "आम्ही मानपाड्याचेच." काकू खूश, लगेच जाऊन येऊ म्हणाल्या. पत्ता विचारत विचारत आम्ही मानपाडा नाक्याभोवती तासभर फिरलो. शेवटी त्यांनीच फोन केला, "अहो, शिळफाट्याच्या बाजूनं येताय की कल्याणकडून?" तेव्हा उलगडा झाला. डोंबिवली पूर्वेला एक मानपाडा आहे, मानपाडा रोड आहे, पोलीस ठाणंसुद्धा आहे. मी गाडी घराकडे वळवली, काकूंनी ती कळवा-मुंब्र्याकडे वळवली. दोन तास वाहतुकीत गेले. पोचल्यावर काकूंनी बाल्कनीची जाळी हलवून पाहिली, आजींना विचारलं, "तुमची संमती आहे ना, की पोरांनी परस्पर ठरवलंय?", आणि पंधरा मिनिटांत टिकूचं लग्न ठरवलं. परतताना मी म्हणालो, "एवढ्या लांब देताय?" काकू म्हणाल्या, "लांब काय? डोंबिवलीत 'पॉज'सारखी संस्था आहे, डॉक्टर आहेत. मुलगी... मुलगा चांगल्या गावात पडला."

अशा चार-पाच रविवारांनंतर मला एक उदात्त विचार सुचला. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला गेलेली, घर मोकळं. मेट्रोला आपणच घेतलं तर? शिवाय सेक्रेटरीनंच कुत्रं घेतलं म्हटल्यावर सोसायटीत केवढा आदर्श! मी काकूंना हे उपकार केल्याच्या सुरात सांगितलं. त्यांनी एक कोरा फॉर्म पुढे केला.

गुरुवारी संध्याकाळी काकू मेट्रोला घेऊन घर पाहायला आल्या. बायकोनं पोहे केले होते; काकूंनी ताटली बाजूला सरकवली, "आधी निर्णय." खिडक्या पाहिल्या. चपलांचं कपाट उघडून पाहिलं. बाल्कनीत वाकून पाहिलं. मग माझ्यासमोर बसून चष्मा खाली घेतला.

"दिवसातून किती तास घरी असता?"

"गावाला गेलात तर कुठे ठेवाल?"

"राग आला की काय करता? आवाज चढवता, की वस्तू आपटता?"

या प्रश्नाला मी आणि बायको एकदमच उत्तर दिलं, आणि उत्तरं वेगवेगळी होती.

मी माझं कर्तृत्व सांगितलं. नोकरी, घर स्वतःचं, कर्ज फिटलेलं, सोसायटीतलं पद. मध्ये दोन फोन आले, ते घेतले. काकू ऐकत होत्या. मेट्रो दारापाशी बसून होती, उंबऱ्याच्या बाहेर पुढचे पाय ठेवून. अर्ध्या तासानं काकू उठल्या, "कळवते," म्हणाल्या.

दोन दिवसांनी लिफ्टमध्ये भेटल्या. नेहमीसारख्या हसल्या आणि म्हणाल्या, "पत्रिका जुळत नाही हो."

मी घरी आलो. बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं बाजूला ठेवलं, ओट्याला टेकली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "एकोणतीस वर्षांपूर्वी," ती म्हणाली, "तुम्ही मला होकार देण्याआधी सतरा मुली पाहिल्या होत्या. सासूबाईंनी सांगितलंय मला. सतरा ठिकाणी पोहे खाल्ले आणि सतरा ठिकाणी कळवलं, पत्रिका जुळत नाही. आता कळलं, कसं वाटतं?"

मी काकूंकडे खुलासा मागायला गेलो, लेखी नाही, तोंडी. त्या म्हणाल्या, "घर चांगलं आहे. तुम्हीही वाईट नाही. पण अर्धा तास बोललात आणि पोरीकडे एकदाही पाहिलं नाहीत. मोबाईलकडे चारदा पाहिलंत. अशी स्थळं मी माणसांतही परत पाठवत असे."

विचार करत जिना उतरलो. आपल्या मराठीत कुत्र्याला हाकलायला आणि खायला घालायला शब्द एकच: हाड. दत्ताच्या तसबिरीला हार आणि तिच्यातल्या चौघांना खालच्या गेटवर नुसतं हाड. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, हे आपण पोरांना कौतुकानं सांगतो; आमच्या सोसायटीत ते धावले असते तर मी त्यांना जिन्यात तूप सांडल्याबद्दल नोटीस काढली असती. मी मेट्रोकडे कधी पाहिलं नव्हतं, हे खरं होतं. लिफ्ट उघडल्यावर ती मात्र माझ्याकडे रोज पाहायची.

पुढच्या सोमवारी मी ऑफिसमधून आलो तर दारात दोन वाट्या होत्या. आत गादीवर, माझ्या जागी, मेट्रो. बायकोनं नवा फॉर्म भरला होता, स्वतःच्या नावानं. तिचा अर्ज काकूंनी दहा मिनिटांत मंजूर केला आणि मग दोघींनी बसून पोहे खाल्ले. फॉर्मची प्रत फ्रिजवर चुंबकानं लावली होती. मी वाचली. पालकाचं नाव: बायकोचं. माझं नाव खाली, 'घरातील इतर सदस्य' या ओळीत. समोर कंसात काकूंच्या अक्षरात: 'देखरेखीखाली'.

काकूंचा चौकशीचा फोन पहिल्या आठवड्यात रोज येतो, मग पंधरवड्याला, मग सणासुदीला. त्या रविवारी आला तेव्हा मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर समोर धरून ऐकत होतो.

"काय म्हणता," पलीकडून काकू इतक्या मोठ्यानं विचारत होत्या की मला सगळं ऐकू येत होतं, "रुळताहेत का घरात?"

"रुळताहेत हळूहळू," बायको म्हणाली. "पहिले दोन दिवस कोपऱ्यात बसून होते. आता बोलावलं की येतात. काल पहिल्यांदा आपणहून फिरायला निघाले."

"खाणंपिणं?"

"समोर ठेवू ते. नखरे कमी झालेत."

"आणि गुरगुरणं?"

"मोबाईल काढून घेतला तर. एरवी नाही."

"मग हरकत नाही. आणि मेट्रो कशी आहे?"

"तिचं काय विचारता? ती पहिल्या दिवसापासून घरचीच आहे."